पाय मोडला होता, मग छाती कुठनं आली? दवाखान्यात गेल्यावर सुरू होणाऱ्या फुफ्फुसाच्या दुखण्याबद्दल

माझे मामा सोलापूरच्या पूर्व भागात राहतात, आयुष्य विणकामाच्या मागावर गेलं, वय ६७. गेल्या पावसाळ्यात बाथरूममधे घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले परवा उभं करू. आणि तिसऱ्या दिवशी ताप, छातीत घरघर, बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजन ८६. आयसीयूत हलवलं. सहा दिवस तिथं. मामी कॉरिडॉरमधे प्रत्येक पांढऱ्या कोटाला एकच प्रश्न विचारत होती, "पाय मोडला हुता ओ, छाती कुठनं आली मधेच?"

कुणी नीट उत्तर दिलं नाही. "न्यूमोनिया झालाय, इन्फेक्शन आहे, वय आहे, बिडी ओढायचे ना?" एवढंच. खोटं काहीच नव्हतं त्यात, पण मामीच्या प्रश्नाचं ते उत्तर पण नव्हतं. म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, पण त्या सहा दिवसांत आणि नंतर डॉक्टर मित्रांचं डोकं खाऊन जेवढं समजलं तेवढं सोपं करून सांगतो.

आधी एक शब्द, मग तो परत वापरत नाही

डॉक्टरी भाषेत याला 'आयट्रोजेनिक' म्हणतात. ग्रीक भाषेत 'इयाट्रोस' म्हणजे वैद्य, त्यावरनं आलेला शब्द. उपचारामुळं झालेलं दुखणं. नीट वाचा, 'चुकीमुळं' नाही, 'उपचारामुळं'. चूक असू शकते, नसू पण शकते, त्यावर पुढं येतोच. आपण त्याला उपचारजन्य त्रास म्हणू.

आता हा त्रास फुफ्फुसालाच इतका का होतो? कारण बाकीचे अवयव आत बंद पेटीत आहेत, आणि फुफ्फुस मात्र बाहेरच्या हवेला सताड उघडं. पंढरपूरकडच्या द्राक्षाचा घड डोळ्यासमोर आणा, देठाला फांद्या, फांद्यांना अजून बारीक फांद्या आणि टोकाला मणी. फुफ्फुसात असे हवेचे मणी कोट्यवधी असतात, सगळे उघडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे चांगल्या टू बीएचके फ्लॅटएवढी जागा, आणि भिंत इतकी पातळ की पलीकडनं रक्त वाहत असतं आणि हवा आरपार जाते. भूल, नळी, सलाइन, रक्त, औषध, रेडिएशन, यातलं काहीही केलं की त्याचा हिशोब कुठं ना कुठं या पातळ भिंतीशी येऊन लागतो.

नुसतं पडून राहिल्यानं काय होतं

मामांचं झालं ते इथं. आपण उभे असतो, चालतो, मधेच मोठा श्वास घेतो, खोकतो, जांभई देतो, याने फुफ्फुसाचे तळातले मणी उघडे राहतात. ऑपरेशननंतर माणूस पाठीवर सपाट. दुखतंय म्हणून श्वास वरवरचा, खोकायची तर भीतीच, आणि गुंगीच्या औषधानं खोकल्याची उबळ पण मंद. सोलापुरी चादरींची चवड भिजली तर काय होतं? पाणी खाली उतरतं, तळातली चादर चिंब होऊन दबते, वरची जवळजवळ कोरडी. तसंच पाठीकडचे मणी दबून चिकटतात, कफ तिथं साठतो, आणि साठलेल्या कफात जंतूंची मजा. दाखल झाल्यावर ४८ तास उलटून गेल्यावर सुरू झालेल्या न्यूमोनियाला दवाखान्यातला न्यूमोनिया धरतात, त्याच्या आधीचा असेल तर तो बहुतेक घरनंच आलेला.

यात आमचा पण हात होता, ते लपवत नाही. मामांनी चहा मागितला. पाय हलवायचा नाही म्हणून आम्ही त्यांना उठवलं नाही, आडवे असतानाच मामीनं चमच्यानं चहा पाजला, मी डोकं धरलं होतं. दोनदा ठसका लागला. आम्ही हसलो, "सावकाश, कुठं पळतोय का चहा." अर्धवट गुंगीतल्या माणसाच्या घशाचं झाकण नीट लागत नाही, अन्ननलिकेत जायचं ते श्वासनलिकेत जातं, आणि सोबत तोंडातले जंतू पण. त्या दोन चमच्यांनीच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण डॉक्टर मित्रानं हे ऐकलं तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला.

ऑपरेशनआधी उपाशी का ठेवतात, ते पण हेच. १९४६ साली कर्टिस मेंडेलसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं ४४,०१६ गरोदर बायकांच्या नोंदी बघितल्या, त्यात ६६ जणींच्या बाबतीत भूल दिलेली असताना पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं होतं. पोटातलं ॲसिड फुफ्फुसाच्या आतनं अक्षरशः भाजून काढतं. तेव्हापासून उपाशी ठेवण्याचा नियम कडक झाला, आता साधारण हिशोब असा की हलकं खाणं सहा तास आधी बंद, तळलेलं तेलकट असेल तर आठ तास, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आपल्याकडं "बिचारा सकाळपासून उपाशी आहे" म्हणून कुणीतरी आत्या गुपचूप पारले बिस्किट चारते आणि भूलतज्ज्ञानं विचारलं की सगळे एका सुरात "काही नाही खाल्लं". हे खोटं फार महाग पडू शकतं.

बाटलीतले बुडबुडे

आयसीयूत मामांच्या शेजारी एक विशीतला पोरगा होता. त्याच्या छातीतनं एक नळी निघून पलंगाखालच्या बाटलीत गेलेली, बाटलीत पाणी, आणि तो श्वास सोडला की पाण्यात बुडबुडे. बुडुक बुडुक. रात्री तीन वाजता आयसीयूच्या दारातनं तेवढाच आवाज यायचा. त्याच्या वडिलांना वाटत होतं ते पाणी पोराच्या छातीतनं येतंय. मला पण तसंच वाटलं होतं.

तसं नसतं. फुफ्फुस आणि बरगड्या यांच्यामधे एक पातळ ओली फट असते. दोन ओल्या काचा एकमेकीवर ठेवल्या की सुट्या होत नाहीत बघा, तसं फुफ्फुस छातीला आतनं चिकटून राहतं. गंभीर पेशंटला जोरकस औषधं द्यायला मानेतनं किंवा गळपट्टीच्या हाडाखालनं मोठ्या सुईनं शिरेत एक नळी घालतात, तिला सेंट्रल लाइन म्हणतात, आणि फुफ्फुसाचा शेंडा तिथनं अगदी जवळ. सुई त्याला टोचली की हवा फटीत शिरते, काचा सुटतात, फुफ्फुस फुग्यासारखं गळतं. छातीतलं पाणी काढताना, फुफ्फुसाच्या गाठीचा तुकडा तपासायला घेताना पण हे होऊ शकतं. मग ती हवा बाहेर काढायला नळी घालायची आणि नळीचं टोक पाण्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे हवा बाहेर निघेल पण परत आत ओढली जाणार नाही. एवढी साधी युक्ती. म्हणून बाटली कायम छातीच्या खाली हवी, पेशंटला हलवताना कुणी ती उचलून पोटावर ठेवू नये, पाणी आत जाईल.

आता याचा भार किती? अमेरिकेत सुईनं फुफ्फुसाला भोक पडण्याच्या घटना सरकारी पातळीवर मोजल्या जातात. २००३ साली तिथं छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात असं निघालं की या एका भोकामुळं पेशंट सरासरी ४.४ दिवस जास्त दवाखान्यात राहिला आणि बिल १७ हजार डॉलरनं वाढलं. डॉलरचा आकडा आपल्याकडं लागू नाही, दिवसांचा मात्र डोक्यात ठेवा.

कारण सोलापुरात आयसीयूचा एक बेड चार दिवस अडकला याचा अर्थ वेगळा आहे. इथं फक्त शहरातले पेशंट येत नाहीत, धाराशिव, लातूर, पार तिकडं विजयपूर आणि कलबुर्गीकडनं पण येतात. बेड नाही म्हटलं की पुढं पुणं, अडीचशे किलोमीटर, ॲम्ब्युलन्समधे. आणि पेशंटचा मुलगा मागावर असेल किंवा बाई बिड्या वळत असेल तर बसून काढलेला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, ती कुठल्याच बिलावर दिसत नाही आणि कुठल्या सरकारी योजनेतनं परत पण येत नाही. मामांचा मुलगा पंधरा दिवस कामाला गेला नाही. त्याचा हिशोब कुणी केलाच नाही.

व्हेंटिलेटर लावला की माणूस जातो, खरंय का?

हे आपल्याकडचं सगळ्यात घट्ट बसलेलं मत. उलटं बघा, व्हेंटिलेटर लागतोच मुळात अशा माणसाला जो त्याच्याशिवाय गेलाच असता. १९५२ ला कोपनहेगनमधे पोलिओची साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडून ऐंशी टक्क्यांहून जास्त पेशंट दगावत होते. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं सांगितलं की गळ्याला भोक पाडून नळी घाला आणि हातानं पिशवी दाबून हवा द्या. तसं मशीन तिथं नव्हतं, म्हणून साधारण पंधराशे मेडिकलच्या पोरांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण निम्म्याखाली आलं. आयसीयू नावाची गोष्ट तिथनं सुरू झाली.

पण मशीनची किंमत असते. आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुगते आणि हवा आपोआप ओढली जाते, मशीन हवा ढकलतं, सायकलच्या ट्यूबमधे पंपानं भरल्यासारखी. ट्यूब धड असेल तर ठीक. आजारी फुफ्फुसाचा बराचसा भाग पाण्यानं भरलेला असतो, हवा घेणारा भाग लहान पोराच्या फुफ्फुसाएवढाच उरतो, आणि त्यात मोठ्या माणसाची हवा ढकलली तर तो उरलेला भाग पण फाटतो. आधी डॉक्टर मोठे श्वासच द्यायचे, रक्तातल्या ऑक्सिजनचे आकडे बरे दिसायचे म्हणून. २००० साली अमेरिकेतल्या ८६१ पेशंटवरच्या अभ्यासाचा निकाल आला. एका श्वासाला किलोमागं १२ मिलिलिटर हवा दिली त्यातले ३९.८ टक्के गेले, निम्मी म्हणजे ६ मिलिलिटर दिली त्यातले ३१ टक्के. (किलो म्हणजे उंचीवरनं काढलेलं वजन, काट्यावरचं नाही. जाड माणसाचं फुफ्फुस जाड नसतं.) औषध नाही, नवीन मशीन नाही, नुसतं बटण कमी फिरवलं आणि शंभरात आठ-नऊ माणसं जास्त वाचली. मला तर हा आकडा वाचून अंगावर काटा आला, कारण त्याच्या आधी जे गेले त्यांच्या घरच्यांना पण "आजारच गंभीर होता" हेच सांगितलं गेलं असणार, आणि सांगणाऱ्यालाही मनापासून तसंच वाटत असणार.

दुसरी किंमत जंतूंची. घशातनं नळी गेली की खोकला बंद, थुंकी नळीच्या कडेनं हळूहळू खाली झिरपते. नळीभोवती एक छोटा फुगा असतो तो अडवतो, पूर्ण नाही. व्हेंटिलेटरवर दोन दिवस उलटल्यावर होणारा न्यूमोनिया तो हाच, आणि तो झाला की भारीतली अँटिबायोटिक्स, अजून दिवस, अजून नळी, असं चक्र लागतं. यावर जे उपाय आहेत ते ऐकून निराशा होईल इतके साधे आहेत. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. हात धुणं. झोपेचं औषध रोज थोडा वेळ थांबवून पेशंट स्वतः श्वास घेतो का बघणं, म्हणजे नळी एक दिवस तरी लवकर निघते. आणि दात घासणं! आधी जंतुनाशक औषधानं तोंड पुसायची पद्धत होती, २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शनात ती मागं पडली आणि साधा टूथब्रश पुढं आला. लाखांच्या मशीनशेजारी वीस रुपयांचा ब्रश.

सलाइन, रक्त, गोळ्या

हे भरभर सांगतो. सोलापूरचा उन्हाळा, जरा गळल्यासारखं झालं की आपण डॉक्टरला म्हणतो "एक सलाइन लावा ओ". हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या माणसाला ते जास्तीचं पाणी झेपत नाही, ते फुफ्फुसात उतरतं. रक्त चढवल्यावर पण असं होतं, किंवा रक्तदात्याच्या रक्तातल्या काही घटकांमुळं सहा तासांच्या आत फुफ्फुस अचानक सुजतं, हे क्वचित, पण जीवघेणं. म्हणून रक्त चालू असताना दम लागला तर "होईल बरं" म्हणत बसायचं नाही, लगेच सिस्टरला हाक.

गोळ्यांचं प्रकरण जास्त चकवणारं आहे कारण ते घरी घडतं. संधिवाताची मेथोट्रेक्सेट, हृदयाचे ठोके बिघडल्यावरची अमिओडॅरोन, लघवीच्या इन्फेक्शनसाठी महिनोन् महिने दिलेली नायट्रोफ्युरँटॉइन, कॅन्सरचं ब्लिओमायसिन इंजेक्शन, या सगळ्यांनी थोड्या लोकांच्या फुफ्फुसाला सूज किंवा व्रण येतात. कोरडा खोकला, जिना चढताना दम. छातीवर रेडिएशन घेतलेल्यांना तर ते संपल्यावर महिना-तीन महिन्यांनी सुरू होतं, तोवर माणूस विसरलेला असतो, गल्लीतल्या डॉक्टरकडं जातो, तिथं अँटिबायोटिकचे दोन कोर्स होतात, कधी टीबीचा संशय येतो, आणि खरी गोष्ट कुणी विचारतच नाही की आधी काय काय उपचार झालेत. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मधे कॅन्सर झाला तेव्हा त्यानं ब्लिओमायसिन टाळून दुसरं औषध घेतलं ते फुफ्फुस जपायलाच.

मग ती गोळी बंद करू का?

नाही! हे वाचून कुणी ठोक्याची गोळी बंद केली तर मला पाप लागेल. बहुतेकांना काही होत नाही आणि गोळी थांबवली तर मूळ आजार आधी गाठेल. डॉक्टरला एवढंच विचारायचं की ही गोळी फुफ्फुसाला त्रास देणाऱ्यातली आहे का, आणि नवीन खोकला आला तर कुणाला दाखवू. अमिओडॅरोन तर बंद केल्यावर पण कित्येक आठवडे अंगात राहते, म्हणून "मी तर सोडली ती गोळी" असं म्हणून तिचं नाव सांगायचं टाळू नका.

म्हणजे हा सगळा डॉक्टरांचा निष्काळजीपणा?

इथं दोन्ही बाजू मला पटत नाहीत. घरचे म्हणतात आला तेव्हा छाती ठणठणीत होती, म्हणजे तुम्हीच केलंत. दवाखाना म्हणतो कॉम्प्लिकेशन आहे, सही केलीय तुम्ही. उत्तम हातानं घातलेली सुई पण कधीतरी टोचते. पण तीच सुई सोनोग्राफीत बघत घातली तर कमी टोचते, हे पण माहीत आहे, मग मशीन बाजूला असताना वापरलं का नाही हे विचारणं चूक नाही.

कायद्यानं पण हा फरक केलाय. २००५ साली सुप्रीम कोर्टानं जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायचा तर हलगर्जीपणा ढोबळ पाहिजे, नुसता निर्णय चुकणं किंवा अपघात पुरेसा नाही. (ते प्रकरण श्वासाचंच होतं, दम लागलेल्या म्हाताऱ्या पेशंटला जोडलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला होता.) नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगाचा (आधीचा ग्राहक मंच) रस्ता वेगळा, तो उघडाच आहे. आणि दवाखान्याच्या काचा फोडून काहीच मिळत नाही, कागद मागितले तर मिळतं. केसपेपर मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असा डॉक्टरांच्या आचारसंहितेतच नियम आहे. आम्ही मागितले, दोन दिवस टोलवाटोलवी झाली, मग मिळाले. त्यात मामांना पहिले दोन दिवस कुणी उठवून बसवल्याची एकही नोंद नव्हती. फिजिओथेरपीचे पैसे मात्र बिलात होते.

तीन बॉलचं यंत्र देतात की, त्यानं भागत नाही?

ते निळं-पांढरं प्लास्टिकचं, ओढलं की बॉल वर जातात ते. दिलं होतं आम्हाला, पिशवीतच राहिलं. नुसत्या त्या यंत्राचा फार फायदा अभ्यासांत दिसत नाही हे खरं आहे. पण अमेरिकेत बॉस्टनमधल्या एका हॉस्पिटलनं ते यंत्र, खोकणं आणि खोल श्वास, तोंडाची स्वच्छता, पेशंटला नि घरच्यांना समजावून सांगणं, पलंगावरनं उठवणं आणि डोक्याकडची बाजू वर ठेवणं असं सगळं मिळून नेमानं केलं. ऑपरेशननंतरचा न्यूमोनिया २.६ टक्क्यांवरनं १.६ वर आला. यात खर्चाचं काहीच नाही, खर्च आहे तो माणसाच्या वेळेचा, आणि चाळीस पेशंटमागं दोन सिस्टर असतील तर तो वेळ आणायचा कुठनं, हा प्रश्न सिस्टरला विचारून उपयोग नाही.

तिथंच घरच्यांचं काम येतं. आपल्याकडं पेशंटजवळ कायम कुणी ना कुणी बसलेलं असतंच, नुसतं मोबाइल बघत. डॉक्टरला विचारून त्याला दर तासाला उठवून बसवा, पोटावर उशी दाबून धरून खोकायला लावा म्हणजे टाके कमी दुखतात, आणि दुखतंय म्हणून तो खोल श्वास घेत नसेल तर दुखण्याचं औषध मागा, "सहन कर जरा" म्हणू नका. ठरलेलं ऑपरेशन असेल तर बिडी-सिगरेट चार आठवडे आधी बंद, त्यानं खरोखर फरक पडतो.

मामा बरे झाले. काठी घेऊन चालतात. या जानेवारीत गड्ड्याची जत्रा संपल्यावर त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, दवाखाना दुसरा. या वेळी मामीनं भूलतज्ज्ञाला सगळं स्वतः सांगितलं, मागचा न्यूमोनिया, सुटलेली बिडी, रात्री किती वाजता काय खाल्लं ते. संध्याकाळी चहाची परवानगी मिळाली. मी कप घेऊन उभा, मामी पलंगाचा दांडा फिरवत बसलेली, मामा कुरकुर करत, "अगं गार होतोय चहा."

"होऊ दे गार," म्हणाली आणि पाठीमागं अजून एक उशी सरकवली.